दशावतारी नाटकमंडळी (सिंधुदुर्ग)

सिंधुदुर्ग जिल्ह्यात व लगतच्या गोव्यात फिरते प्रयोग करणारे लोकनाट्यसंच. वालावलकर, मोचेमाडकर, खानोलकर, चेंदवणकर, पार्सेकर ही काही परिचित मंडळे. त्यांपैकी अनेकांची नावे वालावल, मोचेमाड, खानोली, चेंदवण अशा गावांवरून पडली आहेत. नट बदलतात, पिढ्या सरतात, पण मंडळाचे नाव टिकते. दशावताराची कला श्यामजी नाईक काळे यांनी कोकणात आणली, असे परंपरा मानते.

हंगाम जत्रांचा : कार्तिकापासून पावसाळ्याच्या तोंडापर्यंत. प्रयोग रात्री उशिरा, देवळाच्या आवारात होतो. सुरुवातीच्या ‘आडदशावतारा’त गणपती, रिद्धी-सिद्धी, सरस्वती, ब्रह्मदेव ही सोंगे येतात. वेद चोरणारा, काळ्या वेशातला संकासुर मालवणीत विनोद करतो. नंतर पौराणिक आख्यान रंगते.

आख्यानाला लिखित संहिता नसते. खेळापूर्वी कथानक व प्रवेशांचा क्रम ठरतो. संवाद नट रंगमंचावरच रचतात. त्यामुळे एकच आख्यान दोन रात्री सारखे होत नाही. साथीला पेटी, पखवाज आणि झांज. नटाचा रोख ओळखून पेटीवाला पद उचलतो. स्त्रीभूमिका परंपरेने पुरुष करतात. रंगभूषा ज्याची त्याने करायची. नेपथ्य म्हणजे एक लाकडी बाक : तोच सिंहासन, तोच रथ. जत्रेतल्या खेळाची सांगता पहाटे दहीहंडी फोडून होते. म्हणून या खेळाला ‘दहीकाला’ही म्हणतात.