चाळीस दिवसांनंतरचं ताट

बाळंतिणीचे लाड चाळीस दिवस, ही समजूत आपल्या समाजात पक्की आहे. घरात हरीरा शिजतो, अछवानी होते, गोंदाचे लाडू वळले जातात. शेजारच्या हिंदू घरात तेच डिंकाचे लाडू, अळिवाची खीर आणि शेपूची भाजी असते. नावं वेगळी, हेतू एकच: झीज भरून यावी, अंगावर भरपूर दूध यावं. चिल्ला संपला की लाडवांचा डबा रिकामा होतो. सून पुन्हा चुलीपाशी जाते आणि सगळ्यांचं उरकल्यावर उरलंसुरलं खाते. मूल मात्र अजून अंगावरच पीत असतं.

मला प्रश्न पडतो, आहाराला ही चाळीस दिवसांची सीमा घातली कुणी?

फिकहमध्ये चाळीस दिवस येतात ते निफासच्या, म्हणजे बाळंतपणानंतरच्या रक्तस्रावाच्या संदर्भात. हनफी मतानुसार ती त्याची कमाल मुदत आहे. शाफई मतानुसार हीच मुदत साठ दिवस, आणि आपले कोकणी मुस्लिम बहुतांश शाफई आहेत. पण तिथे विषय नमाज-रोज्याचा आहे, जेवणाचा नाही.

जेवणाचा विषय सूरह बकराच्या २३३व्या आयतीत येतो आणि तिथली मुदत पूर्ण दोन वर्षांची आहे. दूध पाजणाऱ्या आईच्या अन्नवस्त्राची जबाबदारी आयत बापावर टाकते, त्याच्या ऐपतीप्रमाणे. मागचापुढचा संदर्भ तलाकचा आहे, हे विशेष. नातं तुटलेल्या आईच्या ताटाचीही जिथे एवढी काळजी, तिथे घरात नांदणारीचा हक्क वेगळा सांगायला हवा का? सूरह मरियममध्ये तर वेणांनी व्याकूळ झालेल्या मरियमला ताजे खजूर आणि वाहतं पाणी मिळतं. खा, पी आणि डोळे निवव, असा तो संदेश. काही घरांत आजही बाळंतिणीला पाणी मोजून देतात, त्यांनी हा प्रसंग जरूर वाचावा.

इतिहासातली एक घटना मला फार महत्त्वाची वाटते. हजरत उमर (रजि.) यांच्या खिलाफतीत (६३४–६४४) मुलांना सरकारी तनखा मिळे, पण दूध तुटल्यावरच. मदीनेबाहेर उतरलेल्या एका काफिल्यात रात्री एक मूल सारखं रडत होतं. पहारा देणाऱ्या उमर यांनी कारण विचारलं. खलिफासमोर आपण उभ्या आहोत हे आईला ठाऊक नव्हतं. तनख्यासाठी मुलाचं दूध लवकर तोडतेय, असं तिने सांगून टाकलं. त्या पहाटेची नमाज उमर यांनी रडत पढवली आणि फर्मान काढलं: मुलांचं दूध घाईने तोडू नका, तनखा जन्मापासूनच मिळेल. इब्न सअद यांच्या ‘तबकात’मध्ये ही हकीकत आहे. आईवर दोष न ठेवता खलिफाने नियम बदलला.

आपल्या देशात २०१३च्या अन्नसुरक्षा कायद्याने गरोदर आणि स्तनदा मातांच्या पोषण आहाराला हक्काचा दर्जा दिला. बाळंतपणानंतर सहा महिन्यांपर्यंत अंगणवाडीतून मोफत आहार मिळण्याची त्यात तरतूद आहे. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या शिफारशीनुसार पहिले सहा महिने अंगावर पाजणाऱ्या आईला रोज सुमारे ६०० कॅलरी जास्त लागतात. त्यासाठी काजू-बदामच हवेत असं नाही. एखादी भाकरी जास्त, वाटीभर डाळ, अंडं किंवा मासळी, पालेभाजी, मूठभर शेंगदाणे, दूध आणि तहान लागेल तेवढं पाणी, एवढ्याने बरंच साधतं. शिवाय लोहाच्या गोळ्या बाळंतपणानंतर १८० दिवस घ्यायच्या असतात. चिल्ला संपला म्हणून त्या थांबवू नयेत.

हरीरा जरूर करा, ती आपल्या आजी-नानींची शहाणीव आहे. पण एकेचाळिसाव्या दिवशी तिचं ताट कोण वाढतं आणि ती कितव्या पंगतीला बसते, हेही पाहा. आयतीने ही जबाबदारी बापावर टाकली आहे, तेव्हा हा प्रश्न सासूला विचारण्याआधी पुरुषांनी स्वतःला विचारावा.