कळ कोणाच्या हातात

अकोल्यात नेट बंद झालं की ते पहिल्या झटक्यात लक्षात येत नाही. मोबाइलवर रेंजच्या काड्या पूर्ण असतात, फोन लागतो, समोरचा बोलतोही. फक्त व्हॉट्सॲपवर पाठवलेल्या ओळीशेजारी ते इवलंसं घड्याळ येतं आणि तिथंच बसून राहतं, बरोबरची खूण काही उमटत नाही. मग पानठेल्यावर विचारपूस सुरू होते, "तुह्यावालं चालू हाय काय रे?" फोन बंद करून परत चालू करणं, सिमकार्ड काढून पुसून पुन्हा घालणं, असे घरगुती इलाज होतात. चायवाल्याच्या ठेल्यावरचा क्यूआर कोड नुसता पुठ्ठा होऊन लटकतो आणि सुट्या पैशांना एकदम भाव येतो.

13 मे 2023 च्या शनिवारी रात्री जुन्या शहरात समाजमाध्यमावरच्या एका मजकुरावरून दोन गट समोरासमोर आले. दगडफेक झाली, गाड्या जळाल्या, एका माणसाचा जीव गेला. कलम 144 लागलं आणि इंटरनेट बंद झालं. त्याच्या दीड वर्ष आधी, नोव्हेंबर 2021 मध्ये, अमरावतीनं हेच पाहिलं होतं. त्रिपुरातल्या घटनांच्या बातम्या आणि अफवांवरून मोर्चा निघाला, दुसऱ्या दिवशी बंद पुकारला गेला, दोन्ही दिवस तोडफोड झाली. मग संचारबंदी आली आणि नेट गेलं. वऱ्हाडात आता दंगल आणि नेटबंदी जोडीनंच येतात. यातल्या दंगलीवर पुष्कळ लिहिलं जातं. ही कुळकथा दुसरीची आहे, म्हणजे ज्या कळीनं नेट बंद होतं तिची.

या कळीचं कूळ शोधायला लोक बहुधा कादंबऱ्यांकडे वळतात. यंत्र माणसाच्या डोक्यावर बसलं तर काय होईल, हा प्रश्न गेल्या शतकातल्या लेखकांनी फार मनावर घेतला होता. ई. एम. फॉर्स्टर यांनी 1909 मध्ये ‘द मशीन स्टॉप्स’ ही दीर्घकथा लिहिली. तिच्यातली माणसं जमिनीखाली, मधमाशांच्या पोळ्यातल्या घरासारख्या षटकोनी खोल्यांत एकेकटी राहतात. हवा, अन्न, संगीत, व्याख्यानं सगळं कळ दाबली की हजर. एकमेकांचे चेहरे ती हातातल्या तबकडीवर बघतात, प्रत्यक्ष भेटणं त्यांना किळसवाणं वाटतं. आणि मग ते यंत्र हळूहळू बिघडत जातं. हे फॉर्स्टर पुढं 1921 मध्ये देवासच्या थोरल्या पातीच्या तुकोजीराव पवार महाराजांचे खाजगी सचिव म्हणून राहून गेले. मराठी दरबारातल्या मोटारी, विजेचे दिवे आणि त्यांच्या नादुरुस्त्या त्यांनी जवळून पाहिल्या. कथा आधीची आहे म्हणून, नाही तर ती देवासमध्येच सुचली असं कुणीही छातीठोकपणे सांगितलं असतं.

दुसरे जॉर्ज ऑर्वेल. जन्म बिहारातल्या मोतिहारीचा, 1903 चा. वडील सरकारच्या अफू खात्यात. स्वतः ऑर्वेल 1922 ते 1927 ब्रह्मदेशात इंग्रजांच्या पोलिसात होते. त्यांच्या ‘1984’ मधला टेलिस्क्रीन सगळ्यांना ठाऊक आहे: भिंतीवरचा पडदा, जो दाखवतो आणि बघतोही. पण त्यातली मला सगळ्यात महत्त्वाची वाटणारी जागा वाचक सहसा ओलांडून जातात. साध्या पक्षसदस्याला तो पडदा मंद करता येतो, बंद करता येत नाही. ओब्रायन हा वरच्या वर्तुळातला अधिकारी मात्र तो सरळ बंद करतो. आमच्यापैकी काहींना तेवढी मुभा आहे, असं त्याचं स्पष्टीकरण असतं. साम्राज्याच्या पोलिसात पाच वर्षं काढलेल्या माणसालाच हे बारकं दिसू शकतं, असं मला वाटतं. यंत्र कितीही भयंकर असो, त्याची कळ कोणाच्या बोटाखाली आहे याची नोंद ऑर्वेल करून ठेवतात.

आपल्याकडच्या विज्ञानकथेनंही धोका बहुतेक वेळा यंत्रातच पाहिला. जयंत नारळीकरांच्या ‘वामन परत न आला’ मध्ये लुप्त झालेल्या एका संस्कृतीनं मागं ठेवलेल्या ज्ञानातून यंत्रमानव घडतो आणि भीती त्याचीच असते. अकोल्याची गोष्ट वेगळी निघाली. इथली कळ मोबाइलच्या शंभर वर्षं आधीची आहे आणि ती कुठल्याही यंत्रात बसवलेली नाही. ती फायलीत आहे.

अकोल्यात मोर्णेच्या काठचा असदगड किल्ला 1697 चा, औरंगजेबाच्या काळातला. त्या काळात बातमी घोड्यावरून आणि हरकाऱ्याच्या पायानं यायची, आणि ती अडवायची तर वाटेत माणूस गाठावा लागे. 1853 मध्ये वऱ्हाडाचा कारभार निजामाकडून इंग्रजांकडे आला. त्याच सुमारास कलकत्त्यात ओशॉनेसी नावाच्या एका डॉक्टरनं तारयंत्राचे प्रयोग यशस्वी करून दाखवले होते. 1854 मध्ये तारेचा पहिला कायदा झाला आणि तारेचे खांब रोवण्याचा हक्क फक्त सरकारचा ठरला. तीन वर्षांनी उठाव झाला, तेव्हा दिल्लीहून गेलेल्या तारेमुळे पंजाबातले इंग्रज अधिकारी वेळेत सावध झाले. उठाव करणाऱ्यांनीही तारा तोडल्या, खांब उपटले. बातमीची वाट आपल्या हातात असली पाहिजे आणि दुसऱ्याची बंद करता आली पाहिजे, हा धडा राज्यकर्त्यांनी चांगलाच गिरवला.

वऱ्हाडात तार आली ती मात्र कापसामागून. अमेरिकेतल्या यादवी युद्धानं 1861 ते 1865 लँकेशायरच्या गिरण्या उपाशी पडल्या आणि वऱ्हाडच्या कापसाला कधी नव्हे ते दिवस आले. मागोमाग रेल्वे आली. 1870 मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड मेयो स्वतः खामगावच्या रेल्वेफाट्याच्या उद्घाटनाला आले. खामगाव तेव्हा अकोला जिल्ह्यात होतं. त्याच वर्षी मुंबईपासून इंग्लंडपर्यंत समुद्राखालची तार पूर्ण झाली. लिव्हरपूलचा भाव वऱ्हाडात काही तासांत कळू लागला. ज्याच्याकडे तार आधी येई त्याचं फावे, आणि गाडीवर कापूस लादून आलेल्या कास्तकाराला ती कधीच आधी येत नसे.

तारेबरोबर जुगारही आला. न्यूयॉर्कच्या कापूस बाजाराचा उघडता आणि बंद होता भाव मुंबईला तारेनं येई, आणि त्या आकड्यांवर पैज लागे. 1961 मध्ये हे भाव येणं थांबलं, तेव्हा पठ्ठ्यांनी मडक्यात चिठ्ठ्या टाकून आकडे काढायला सुरुवात केली. त्यातून मटका झाला. कापूस गेला, तार गेली, पण ‘ओपन’ आणि ‘क्लोज’ हे शब्द गल्लीबोळांत अजून चालू आहेत. नवं यंत्र आलं की सरकार त्याचं काय करील याची आपण फार चर्चा करतो. लोक काय करतील याचा अंदाज मात्र कुठल्याच कादंबरीकाराला नीट बांधता आलेला नाही.

कळीचा जन्म 1885 चा. त्या वर्षीच्या भारतीय तार कायद्यात पाचवं कलम होतं. सार्वजनिक आणीबाणी उद्भवली किंवा सार्वजनिक सुरक्षिततेसाठी गरज पडली, तर सरकारला कोणताही संदेश अडवता येईल, उघडून वाचता येईल, पुढं जाऊ न देता येईल. आणीबाणी म्हणजे काय, हे कायद्यात कुठं सांगितलेलं नव्हतं. ते ठरवायचं सरकारनंच. स्वातंत्र्यानंतर कायदा तसाच राहिला. 1961 मध्ये दुरुस्ती करून ‘तार’ या संज्ञेत रेडिओलहरी आणि इतर विद्युतचुंबकीय लहरी घालण्यात आल्या. मोबाइलचं नाव तेव्हा कोणाच्या स्वप्नात नव्हतं, पण जुन्या शहरातल्या पोराच्या हातातला फोन कायद्यानं तार झाला तो तिथंच. 1972 मध्ये देशाचं सार्वभौमत्व, परराष्ट्रांशी मैत्री वगैरे कारणं त्या कलमात जोडली गेली. देशात आणीबाणी लागली त्या 1975 च्या 25 जूनच्या रात्री दिल्लीतल्या वर्तमानपत्रांच्या छापखान्यांची वीज तोडली गेली. तिथं हे कलम लागलं नव्हतं, पण हात ओळखीचा होता.

गंमत अशी की तार मेली आणि कायदा जगला. 14 जुलै 2013 च्या रात्री देशातल्या शेवटच्या तारा गेल्या, लोकांनी आठवण म्हणून रांगा लावून एकमेकांना तारा केल्या. पुढची दहा वर्षं 1885 चा कायदा ज्या यंत्रासाठी केला होता त्याच्याशिवायच ठणठणीत चालू राहिला.

आता दुसरी बाजूही मांडली पाहिजे, कारण नेटबंदीच्या विरोधात लिहिणारे ती फार घाईनं उरकतात. अफवा खरोखरच जीव घेते. ऑगस्ट 2012 मध्ये ईशान्येकडच्या लोकांवर हल्ले होणार असे एसएमएस फिरले आणि पुणे, बंगळूरमधून हजारो मुलं-मुली मिळेल त्या रेल्वेनं गावी निघाली. सरकारनं तेव्हा दिवसाला पाचच एसएमएस अशी मर्यादा घातली. 1 जुलै 2018 ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात, मुलं पळवणारी टोळी आल्याच्या व्हॉट्सॲपवरच्या अफवेतून, भिक्षा मागायला आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावानं ठेचून मारलं. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपनं भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पुढं धाडता येईल अशी सोय केली. हे वाचून कुणी म्हणालं की एक रात्र नेट बंद केल्यानं एक माणूस वाचत असेल तर करा बंद, तर त्याला मी मूर्खात काढणार नाही.

पण मग निदान हिशेब तरी ठेवा. 2017 पर्यंत जिल्हा प्रशासन कलम 144 खालीच नेट बंद करत असे, आणि 2015 मध्ये गुजरात उच्च न्यायालयानं ते चालतं असं म्हटलंही. ऑगस्ट 2017 मध्ये पहिल्यांदा नियम आले, तेही तार कायद्याखालीच. आदेश राज्याच्या गृहसचिवांनी काढायचा. पोलीस अधीक्षकाहून खालच्या नसलेल्या अधिकाऱ्यानं तो दूरसंचार कंपन्यांना पोचवायचा. मुख्य सचिवांच्या समितीनं कामकाजाच्या पाच दिवसांत तो तपासायचा. कंपनीकडे आदेश पोचला की तेवढ्या भागातल्या टॉवरांवरून डेटा बंद केला जातो. आवाज चालू राहतो, म्हणून काड्या दिसतात.

10 जानेवारी 2020 ला काश्मीरमधल्या नेटबंदीच्या प्रकरणात, पत्रकार अनुराधा भसीन यांच्या याचिकेवर, सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की बेमुदत बंदी चालणार नाही आणि आदेश जाहीर केला पाहिजे, म्हणजे ज्याचं नुकसान झालं त्याला दाद मागता येईल. त्याच वर्षी एका आदेशाची कमाल मुदत 15 दिवस ठरली. डिसेंबर 2021 मध्ये संसदेच्या स्थायी समितीनं अहवाल दिला आणि त्यात एक विलक्षण गोष्ट बाहेर आली. देशात किती वेळा, कुठं, किती दिवस नेट बंद झालं याची नोंद ना दूरसंचार खात्याकडे होती, ना गृहमंत्रालयाकडे. बंद केल्यानं दंगल आटोक्यात येते का, याचा अभ्यासही कोणी केलेला नव्हता. मोजणी करत होत्या त्या बाहेरच्या संस्था. ‘ॲक्सेस नाऊ’ या संस्थेनं 2023 या एका वर्षात भारतात 116 वेळा नेट बंद झाल्याचं नोंदवलं, जगात सर्वाधिक. अकोल्याची रात्र त्याच वर्षातली.

ऑर्वेलच्या राज्यात निदान कागदपत्रं ठेवायची फार हौस होती. ती जाळायला भिंतीभिंतींत भोकं असली तरी आधी ती लिहिली तर जात. आपली कळ दाबल्याची नोंदच नाही, हे मला त्या कादंबरीपेक्षा जास्त अस्वस्थ करतं.

नुकसान कोणाचं होतं हे पाहायला अडत बाजारापर्यंतही जावं लागत नाही. ज्याच्या घरी रोकड असते त्याचं दोन दिवस निभावतं. रिक्षावाला, भाजीवाली, घरपोच जेवण नेणारा पोरगा यांचा गल्ला आता फोनमध्ये असतो. सातबारा काढायचा, अर्ज भरायचा, परीक्षेचं प्रवेशपत्र उतरवून घ्यायचं, सगळं अडतं. अफवा मात्र अडत नाही. ती फोनवर बोलते, गच्चीवरून बोलते, आणि ती खोडून काढणारा मजकूर तेवढा घड्याळापाशी अडकून राहतो.

1885 चा कायदा अखेर बाजूला झाला. 2023 चा दूरसंचार कायदा आला, त्याची बरीच कलमं जून 2024 मध्ये लागू झाली, आणि नेटबंदीचे नवे नियम त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये. नव्या कायद्याचं विसावं कलम काढून वाचा: सार्वजनिक आणीबाणी किंवा सार्वजनिक सुरक्षितता हे शब्द तिथं पुन्हा भेटतात. आणीबाणीची व्याख्या अजूनही नाही. आदेश जाहीर करण्याचं बंधन मात्र आता आहे, आणि जाहीर करायची जागा बहुतेक वेळा सरकारचं संकेतस्थळ असते. जुन्या शहरातल्या माणसाला ते उघडायला नेट लागतं, म्हणून त्याच्यासाठी पोलिसांची गाडी भोंगा लावून फिरते.