मूर्तिकाराचे घर

देवाचे देऊळ कोणी सांभाळावे, हा प्रश्न आपल्या समाजात फारसा उत्पन्न होत नाही. कळंब तालुक्यात बालाघाटाच्या डोंगरकुशीत वसलेल्या आमच्या येरमाळ्याचेच उदाहरण घ्या. तुळजाभवानीची भगिनी मानलेल्या येडेश्वरीची चैत्री पौर्णिमेस येथे मोठी यात्रा भरते. देवीची पालखी डोंगर उतरून खाली येते, आणि तिच्याबरोबर आलेले असंख्य भाविक रानातून चुन्याचे खडे वेचून त्यांची रास घालतात. चुना हा जुन्या बांधकामाचा प्राण होय. या आचाराचा मूळ हेतू पंडितांनी शोधावा; आम्हांस मात्र त्यात एक सरळ अर्थ दिसतो. वास्तू उभारणारा एखादाच असतो, परंतु ती टिकविण्यास अनेकांचे हात लागतात, आणि प्रत्येकाने पाच खडे वेचले तरी पुरतात.

देवळाविषयी इतकी जागी असलेली ही बुद्धी कलावंताच्या घराविषयी मात्र निजलेली दिसते. राजांचे किल्ले आणि संतांच्या समाध्या यांविषयी आपण अभिमान बाळगतो. परंतु त्या राजांस ज्यांनी धातूत आणि दगडात रूप दिले, ते कोठे राहिले, कोठे बसून त्यांनी माती मळली, याची चौकशी कितीजण करतात? या प्रश्नाचा विचार करावयाचा तर बालाघाट सोडून कोकणच्या किनाऱ्यावर, अलिबागेच्या उत्तरेस असलेल्या सासवणे या लहानशा गावी जावे लागते. तेथे विनायक पांडुरंग तथा नानासाहेब करमरकर यांचे घर आहे, आणि त्या घरातच त्यांचे शिल्पालय आहे.

नानासाहेबांचा जन्म याच गावी 2 ऑक्टोबर 1891 रोजी झाला. वडील शेती करीत व गणपतीच्या मूर्ती घडवीत. तेव्हा मातीशी या मुलाचे नाते जन्मापासूनचेच. गावातील देवळाच्या भिंतीवर त्याने काढलेले शिवाजी महाराजांचे चित्र कुलाब्याचे कलेक्टर ऑटो रॉथफील्ड यांच्या दृष्टीस पडले, आणि त्या गुणग्राही अधिकाऱ्याने त्यास मुंबईच्या सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकण्याची वाट करून दिली. पुढे सुरेंद्रनाथ ठाकुरांच्या प्रोत्साहनाने त्यांनी कलकत्त्यास आपली कार्यशाळा थाटली. नंतर विलायतेस जाऊन रॉयल अकॅडमीत अभ्यास केला.

त्यांचे नाव महाराष्ट्रभर झाले ते पुण्याच्या अश्वारूढ शिवछत्रपतींच्या पुतळ्याने. या स्मारकाचा संकल्प छत्रपती शाहू महाराजांचा. त्याची कोनशिला 1921 साली प्रिन्स ऑफ वेल्स यांच्या हस्ते बसली. पुढच्याच वर्षी शाहू महाराज निवर्तले, आणि काम रेंगाळले. अखेर ते करमरकरांकडे आले व 1928 साली पुतळ्याचे अनावरण झाले. एवढा प्रचंड पुतळा एकसंध ओतला गेला, ही गोष्ट त्या काळच्या हिंदुस्थानात अपूर्व मानली गेली. 1962 साली त्यांस पद्मश्री हा किताब मिळाला, आणि 1967 साली ते वारले.

पुण्याचा पुतळा चौथऱ्यावर उभा आहे. तो कोणासही पाहता येतो. मग सासवण्याच्या घराचे एवढे अगत्य कशासाठी, असा प्रश्न येणे स्वाभाविक आहे. त्यास आमचे उत्तर असे की, चौकातील पुतळा म्हणजे शेवटचे वाक्य होय. ते वाक्य सुचले कसे, खोडले कितीदा, हे घरीच कळते. ब्राँझच्या पुतळ्याचा जन्म थेट धातूतून होत नाही. प्रथम ओल्या मातीचा नमुना, त्यावरून साचा, साच्यातून प्लॅस्टरची प्रत, आणि अनेक खटपटींनंतर धातूचा रस. मातीचा नमुना बहुधा साचा काढतानाच मोडतो; म्हणून कलावंताच्या बोटांचा सर्वांत जवळचा ठसा राहतो तो प्लॅस्टरच्या प्रतीवर. अशा प्रती बाजारात मोलाच्या ठरत नाहीत. त्या जपल्या जातात त्या केवळ कार्यशाळेत.

दुसरे असे की, नामांकितांचे पुतळे हे मागणीवरून होतात; त्यांत पैसा देणाऱ्याची आवड मिसळलेली असते. घरी केलेले काम स्वतःच्या समाधानाचे. सासवण्यास पाहणाराचे पाऊल थबकते ते मानकऱ्यांच्या मुखवट्यांपाशी नव्हे, तर किनाऱ्यावरील साध्या माणसांच्या आणि घरच्या जनावरांच्या मूर्तींपाशी. अंगणातील म्हैस पाहून ती आता रवंथ करू लागेल असे वाटते. यांतील पुष्कळ काम सिमेंटाचे आहे. ज्या पदार्थाचे आपण पूल आणि पाण्याच्या टाक्या बांधतो, त्यातून कातडीचा मऊपणा काढून दाखविणे हे थोडे कौशल्य नव्हे. ज्या गावची ही माणसे, त्याच गावात त्यांच्या मूर्ती पाहण्यात जो अर्थ आहे, तो मुंबईच्या एखाद्या दालनात नेल्यास निम्मा उरेल.

परंतु हेच गाव या मूर्तींचे वैरीही आहे. समुद्र हाकेच्या अंतरावर. हवेत बारमाही क्षार, आणि चार महिने कोकणचा पाऊस. प्लॅस्टर ओलावा शोषून भुसभुशीत होते. सिमेंट वरून कणखर दिसते, तथापि मोठ्या मूर्तीच्या पोटात लोखंडी सांगाडा घालावा लागतो. बारीकशा भेगेतून खारट ओल आत शिरली की लोखंड गंजते. गंजलेले लोखंड फुगते, आणि फुगलेले लोखंड सिमेंटास आतून फोडते. बाहेर तडा दिसू लागतो तेव्हा रोग फार पुढे गेलेला असतो. शांतिनिकेतनात रामकिंकर बैज यांनी 1938 साली उघड्यावर उभारलेल्या सिमेंटच्या संथाळ कुटुंबासही ऊनपावसाशी असाच झगडा करावा लागला आहे. फरक एवढाच की तेथे पाठीशी एक विद्यापीठ आहे. सासवण्यास पिढ्यान्‌पिढ्या हा भार वाहिला तो करमरकर कुटुंबाने.

त्या कुटुंबाची निष्ठा वंदनीय आहे. परंतु निष्ठा म्हणजे संस्था नव्हे. ती वारसाहक्काने मिळेलच असा नियम नाही, आणि किनाऱ्यावरील जमिनीचे भाव तर सर्वांस ठाऊक आहेत. कायद्याचा आधार पाहावा तर तोही तोकडा. 1972 च्या पुरावस्तू कायद्याखाली ज्या नऊ आधुनिक कलावंतांच्या कृती राष्ट्रीय कलानिधी ठरविल्या गेल्या, त्यांत रविवर्मा, नंदलाल बसू, अमृता शेरगिल इत्यादी थोर नावे आहेत. परंतु मूर्तिकार म्हणून नाव मिळविलेला त्यांत एकही नाही, आणि महाराष्ट्रीयही एकही नाही.

हयगय केल्यास काय होते, हे आपण एकदा पाहिले आहे. लोणावळ्याजवळ मळवली येथे रविवर्म्यांचा छापखाना होता. घरोघरच्या देव्हाऱ्यांतील लक्ष्मी-सरस्वती तेथील शिळांवरून उतरल्या, आणि दादासाहेब फाळक्यांनीही तेथे काम केले. 1972 साली आग लागून त्या ठेव्याचा मोठा भाग नष्ट झाला. उलट बाजूची उदाहरणेही आहेत. थोरवाल्डसेन या डॅनिश मूर्तिकाराने आपली निर्मिती कोपनहेगन नगरास दिली व त्या नगराने 1848 साली तिच्यासाठी संग्रहालय उघडले. रोदँने 1916 साली आपले सर्वस्व फ्रेंच राष्ट्रास अर्पण केले, आणि ज्या वास्तूत तो काम करी तेथेच 1919 साली त्याचे संग्रहालय झाले. इतके दूर कशास जावे? औंधच्या पंतप्रतिनिधींनी 1938 साली संग्रहालय उभारून आपला संग्रह जनतेस खुला केला, आणि कोल्हापुरात चंद्रकांत मांडरे यांनी आपले राहते घर चित्रांसह सरकारच्या स्वाधीन केले.

कोणी म्हणेल, गावोगाव शाळांची छपरे गळत असता मूर्तींच्या छपराची चिंता कशाला? आम्ही या आक्षेपास हलका मानीत नाही. परंतु येथे मागणे राजवाड्याचे नाहीच. प्रत्येक मूर्तीची छायाचित्रांसह नोंद. पावसाळ्यापूर्वी व नंतर जाणत्या माणसाकडून तपासणी. खचत चाललेल्या प्लॅस्टरच्या प्रतींवरून वेळीच नवे साचे. आणि कुटुंबाचा मान व हक्क राखून त्यास हातभार देणारा एखादा विश्वस्त निधी, एवढ्याने पुष्कळ साधेल. यात सरकारचा वाटा असावा, कलाशाळांचा असावा, आणि सहलीस मुलाबाळांसह अलिबागेस जाणाऱ्या आपणां सर्वांचाही असावा. मांडव्याच्या धक्क्यावर उतरून किनाऱ्याकडे धावणाराने एक तास सासवण्यास दिला, मुलांस ती म्हैस दाखविली आणि तेथील पेटीत यथाशक्ति काही टाकले, तर तोही एक चुन्याचा खडाच होय. रास अशा खड्यांचीच होते.