महाराष्ट्राचे पर्यावरण धोरण

महाराष्ट्राचे पर्यावरण धोरण म्हणजे ऊर्जा, हवामान बदल, पाणी व कचरा या विषयांवर महाराष्ट्र शासनाने केलेले कायदे, घेतलेले निर्णय व राबविलेल्या योजना यांचा समुच्चय होय. हे सर्व एका दस्तऐवजात संकलित नसून ते निरनिराळ्या खात्यांत विभागलेले आहे.

घटनात्मक चौकट

१९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद ४८-क अन्वये पर्यावरणाचे रक्षण हे राज्यसंस्थेचे कर्तव्य ठरले. पाणी हा मुख्यत्वे राज्यसूचीतील विषय आहे, वीज समवर्ती सूचीत येते, तर घनकचरा व्यवस्थापनाचा समावेश नागरी स्थानिक संस्थांच्या कार्यसूचीत (बारावी अनुसूची) आहे. जल व वायू प्रदूषणाविषयीचे प्रमुख कायदे केंद्राचे असले, तरी त्यांची अंमलबजावणी राज्याकडे असते. महाराष्ट्राने १९६९ मध्येच जलप्रदूषण प्रतिबंधक कायदा केला व त्यानुसार १९७० मध्ये महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाची स्थापना झाली. केंद्राचा जल कायदा त्यानंतर, म्हणजे १९७४ मध्ये आला.

पाणी

राज्याचा मोठा भूभाग पर्जन्यछायेत येत असल्याने पाणीवाटप हा या धोरणातील सर्वांत वादग्रस्त भाग ठरला आहे. २००३ च्या राज्य जलनीतीत पिण्याच्या पाण्यानंतर उद्योगाला व त्यानंतर शेतीला स्थान होते. या क्रमावर टीका झाल्याने २०११ मध्ये शेतीला दुसरे स्थान देण्यात आले. २००५ च्या कायद्याने महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरण स्थापन झाले. एकाच खोऱ्यातील वरच्या व खालच्या भागांत पाण्याचे समन्यायी वाटप व्हावे, हे तत्त्व या कायद्यात आहे.

या तत्त्वाची कसोटी गोदावरी खोऱ्यात लागली. नाशिक व अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्यांतील धरणे वरच्या बाजूस असून पैठणजवळील जायकवाडी धरण खालच्या बाजूस आहे. पावसाळ्याअखेर जायकवाडीचा साठा ६५ टक्क्यांपेक्षा कमी असल्यास वरच्या धरणांतून पाणी सोडावे, या आशयाचे सूत्र २०१४ मध्ये प्राधिकरणाने मान्य केले. मराठवाड्याला हा आपला हक्क वाटतो, तर वरच्या भागातील शेतकऱ्यांना तो आपल्या उभ्या पिकांवरील घाला वाटतो. त्यामुळे टंचाईच्या वर्षी हा वाद नव्याने उभा राहतो.

डिसेंबर २०१४ मध्ये सुरू झालेल्या जलयुक्त शिवार अभियानात बंधारे, नाला खोलीकरण व गाळ काढणे ही कामे झाली. भूजलपातळी वाढविण्यात अभियानाला अपेक्षित यश आले नाही, असा निष्कर्ष भारताच्या नियंत्रक व महालेखापरीक्षकांनी काढला.

ऊर्जा

राज्याची वीजनिर्मिती प्रामुख्याने कोळशावर अवलंबून असून चंद्रपूर, कोराडी, खापरखेडा यांसारखी मोठी औष्णिक केंद्रे विदर्भात आहेत. वीज राज्यभर वापरली जाते. राख व धूर मात्र केंद्रांच्या परिसरातील रहिवाशांच्या वाट्याला येतात. अपारंपरिक ऊर्जेला चालना देण्याचे काम महाऊर्जा (महाराष्ट्र ऊर्जा विकास अभिकरण) ही संस्था करते. २०१७ मध्ये जाहीर झालेल्या मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेचा उद्देश कृषिपंपांना दिवसा वीज देणे हा आहे. रात्रीच्या वीजपुरवठ्यामुळे शेतकऱ्यांना अंधारात, साप व वन्य प्राण्यांच्या भीतीत पिकांना पाणी द्यावे लागत असे. हे या योजनेचे एक प्रमुख कारण होते. २०२१ मध्ये राज्याने सुधारित विद्युत वाहन धोरणही जाहीर केले.

हवामान बदल

२ ऑक्टोबर २०२० रोजी ‘माझी वसुंधरा’ अभियान सुरू झाले. त्यात भूमी, वायू, जल, अग्नी व आकाश या पंचमहाभूतांच्या आधारे स्थानिक स्वराज्य संस्थांच्या कामगिरीचे मूल्यमापन होते. २०२० मध्ये पर्यावरण विभागाचे नामकरण ‘पर्यावरण व वातावरणीय बदल विभाग’ असे झाले. मुंबई महानगरपालिकेने मार्च २०२२ मध्ये वातावरण कृती आराखडा प्रसिद्ध केला; २०५० पर्यंत निव्वळ शून्य उत्सर्जन हे त्याचे ध्येय आहे.

कचरा

२३ मार्च २०१८ च्या अधिसूचनेने प्लॅस्टिक पिशव्या व एकदाच वापरून फेकण्याच्या अनेक वस्तूंवर बंदी आली. पुढे तिच्यात काही सवलती देण्यात आल्या. मुंबईतील देवनार क्षेपणभूमीला जानेवारी २०१६ मध्ये लागलेल्या आगीनंतर, कचऱ्याची सोय होत नाही या कारणास्तव, मुंबई उच्च न्यायालयाने शहरातील नव्या बांधकामांवर निर्बंध घातले होते. पुण्यात २००८ पासून ‘स्वच्छ’ ही कचरावेचकांची सहकारी संस्था महानगरपालिकेशी करार करून घरोघरी कचरा गोळा करते. ज्यांचा उदरनिर्वाह कचऱ्यावर चालतो, त्यांनाच व्यवस्थेत स्थान देणारे हे उदाहरण आहे.

मूल्यमापन

नियम करणे राज्याच्या हाती असले, तरी अंमलबजावणीचा भार मुख्यतः ग्रामपंचायती व नगरपालिकांवर पडतो आणि त्यांच्याकडे निधी व तांत्रिक मनुष्यबळ अपुरे असते. शिवाय धोरणाचा लाभ व त्याचा भार अनेकदा निरनिराळ्या प्रदेशांच्या वाट्याला येतो. जायकवाडीचे पाणी, विदर्भातील औष्णिक वीज व शहरांबाहेर टाकला जाणारा कचरा ही त्याची ठळक उदाहरणे होत.