चार पिढ्यांपूर्वीची गृहिणी

इतिहासाचें पुस्तक उघडलें म्हणजे राजे, सेनापति, तह आणि लढाया यांचीच प्रथम भेट होते. नागपूरचे तिसरे रघूजी भोसले १८५३ सालीं वारले, पुढल्या वर्षीं त्यांचें राज्य खालसा झालें आणि १८६१ सालीं मध्यप्रांत निर्माण झाला, हें अभ्यासकास सांगावें लागत नाहीं. पण त्याच वर्षांत वैनगंगेच्या खोऱ्यांतील एखाद्या शेतकऱ्याच्या घरीं धान कोण कांडीत होतें, बियाणें कोण राखीत होतें, आणि घरधनी वारल्यावर त्या बाईचें काय होई, असें विचारलें तर उत्तरास वेळ लागतो. आजच्या भाषणांत मला अशाच एका साध्या शेतकरणीच्या संसाराविषयीं बोलावयाचें आहे. तिचें नांव कोणत्याहि बखरींत नाहीं. जमाबंदीच्या कागदांत मालगुजार आणि कुळें यांचीं नांवें येतात. ती तेथें आलीच तर बहुधा अमक्याची विधवा म्हणून येते.

भंडारा जिल्ह्याच्या तुमसर तालुक्यांत, बालाघाटकडे जाणाऱ्या रस्त्यावर, बावनथडी नदीजवळ बपेरा हें गांव आहे. या भागांत ही नदी आज महाराष्ट्र आणि मध्यप्रदेश यांची सीमा आहे. परंतु ही सीमा १ नोव्हेंबर १९५६ च्या राज्यपुनर्रचनेनें आली. त्यापूर्वीं दोन्ही तीर एकाच प्रांतांत होते, आणि बालाघाट जिल्हा तर १८६७ सालीं भंडारा, सिवनी व मंडला या जिल्ह्यांचे भाग काढून बनविलेला. राज्यकर्त्यांच्या नकाशावर अशा रेघा ओढल्या व पुसल्या जात असतां सोयरिकीचा नकाशा फारसा हालला नाहीं. या तीरावरच्या लेकी त्या तीरावर आणि त्या तीरावरच्या या तीरावर दिल्या जात. दोन्ही बाजूंस पसरलेल्या पोवार समाजाची पोवारी बोली हिंदी आणि मराठी यांच्या मिश्रणानें घडलेली आहे, यांत त्यामुळें नवल कांहींच नाहीं. पूल नव्हता त्या काळीं उन्हाळ्यांत नदी पायीं उतरून जात, एरवीं डोंग्यानें. पावसाळ्यांत पूर आला कीं सासुरवाशिणीस माहेरचा तीर दिसे, पण गांठतां येत नसे.

ती या घरांत आली तेव्हां तिचें वय खेळण्याचें होतें. आठ-दहा वर्षांच्या मुलीचें लग्न होणें ही त्या काळची सर्वसाधारण गोष्ट होती. लग्नानंतर मुलगी बहुधा माहेरींच राही आणि वयांत आल्यावर गौना होऊन सासरीं नांदावयास जाई. संमतिवयाचा कायदा १८९१ सालीं झाला. त्यानें ही वयोमर्यादा बारा वर्षें केली. मुलीच्या विवाहाचें वय चौदा ठरविणारा शारदा कायदा १९२९ चा. पुण्या-मुंबईच्या वर्तमानपत्रांत या दोन्ही कायद्यांवर केवढा गदारोळ उठला हें आपणांस माहीत आहे. खेड्यांतील लग्नतिथी मात्र त्या गदारोळानें सहसा चुकल्या नाहींत. १९०१ च्या शिरगणतींत साऱ्या हिंदुस्थानांत शेंकडा एकाहूनहि कमी स्त्रिया साक्षर होत्या. तेव्हां कायद्याचें कलम तिच्या वाचनांत येण्याचा प्रश्नच नव्हता.

देशावरच्या स्त्रीजीवनाचें वर्णन जात्यापासून सुरू होतें. भंडाऱ्याच्या धानाच्या मुलखांत तें उखळ-मुसळापासून सुरू करावें लागेल. येथें भाकरीपेक्षां भाताचें महत्त्व अधिक, आणि गिरणी येण्यापूर्वीं भात शिजण्याआधीं धान कांडावें लागे. थोडा हिशेब करून पाहूं. घरांत आठ माणसें आणि दरडोई दिवसाला अर्धा शेर तांदूळ, एवढें धरलें तरी चार शेर तांदूळ हवा. धानाच्या वजनांत तांदूळ सुमारें दोन-तृतीयांश निघतो. म्हणजे रोज सहा शेर धान कांडून, पाखडून, निवडून काढावयाचें. हें काम वर्षाचे बाराहि महिने, सण असो वा सुतक. त्यांतला एक कणहि वायां जात नसे. अखंड तांदूळ वेगळा निघे, कणी पेजेसाठीं राही, कोंडा गुरांपुढें जाई. पेजेचा वांटा कोणाचा, हें सांगण्याची गरज नाहीं. पुरुष आणि मुलें जेवून उठल्यावर घरांतील स्त्रिया जेवीत, आणि टंचाईच्या दिवसांत तेव्हां हंडींत जें उरे तेंच त्यांचें जेवण असे.

मात्र तिला केवळ चुलीजवळ पाहिलें तर तिचें अर्धेंच चित्र दिसेल. भंडारा हा तलावांचा जिल्हा आहे. कोहळी समाजानें बांधलेल्या नवेगांवसारख्या तलावांची कीर्ति मोठी आहे. त्याशिवाय गांवोगांव लहान तलाव आणि बोड्या आहेत. जेथें पाणी हातीं असे तेथें धान नुसतें फेंकून पेरण्याऐवजीं रोवण्याची पद्धति चाले. आषाढाच्या पावसानें बांधी भरली कीं पुरुष नांगर धरून चिखल करीत, आणि पऱ्हे उपटून त्या चिखलांत एकेक रोप लावण्याचें काम स्त्रिया करीत. कमरेंत वांकून, गुडघाभर पाण्यांत, डोक्यावर पावसाची धार घेऊन दिवसभर हें काम चाले. पऱ्हे जून होण्याच्या आंत रोवणी उरकली पाहिजे; त्या थोड्या आठवड्यांत ज्या घरीं स्त्रियांचे हात कमी, त्या घरच्या बांध्या मागें पडत. निंदण तिचेंच, कापणींतहि ती विळा घेऊन पुढें असे. पुंजणे रचून चुरणी झाली म्हणजे धान घरीं येई आणि पुन्हा तिच्याच स्वाधीन होई.

या मुलखांतील कित्येक शेतकरी जातींत वरपक्षानें वधूच्या बापास देज देण्याची चाल होती. सुशिक्षितांना ती चाल हीन वाटे, आणि मुलीचा व्यवहार होतो ही तिच्यांतील खोट आहेच. परंतु तिच्या मागचा हिशेबहि समजून घेतला पाहिजे. लेक दिल्यानें एका घराचे काम करणारे हात कमी होत आणि दुसऱ्याचे वाढत, ही गोष्ट दोन्ही घरांना मान्य होती. अर्थशास्त्रज्ञ प्रणव बर्धन यांनीं १९७४ सालीं असें मत मांडलें कीं, भारतांत भाताच्या प्रदेशांत शेतीला स्त्रियांचे हात अधिक लागतात आणि गव्हाच्या प्रदेशांत कमी; मुलींच्या जगण्यामरण्यांत जो फरक दिसतो त्याचें एक कारण तेथें असावें. हा नियम सरसकट लावतां येत नाहीं. तरीपण २०११ च्या जनगणनेंत महाराष्ट्रांत दर हजार पुरुषांमागें ९२९ स्त्रिया असतां भंडारा जिल्ह्यांत ९८२ होत्या, हा आंकडा विचार करावयास लावणारा आहे.

घरांत तिचा अधिकार कोठें चाले, हेंहि पाहावें. वृद्ध सासू असेपर्यंत तो सासूचा. तिच्यामागून तो थोरल्या सुनेकडे येई. हा अधिकार धान्याच्या ढोलीवर होता. बांबूच्या तट्ट्यांची, शेणमातीनें लिंपलेली ढोली केव्हां उघडावयाची आणि बियाण्याची केव्हांहि उघडावयाची नाहीं, हें ती ठरवी. पहिल्या पावसापर्यंत धान पुरविणें हें तिचें कसब. मोहफुलें वेंचून वाळविणें, वाडींतल्या भाज्या, जवसाचें तेल, लाखोळीची डाळ यांची बेगमी करणें, हें सारें या एकाच हिशेबांत बसे. बाजारांत जाऊन जमिनीचा सौदा करण्याचा अधिकार मात्र तिला नव्हता. म्हणजे पिकलेलें धान तिच्या हातीं असे. ज्या मातींत तें पिकलें तिच्यावर तिचें नांव नसे.

हा संसार कितपत टिकाऊ होता, याची कसोटी दुष्काळांत लागली. १८९६ सालीं पाऊस लौकर संपला आणि धान करपलें. १८९६-९७ च्या या आपत्तींतून लोक सावरतात तोंच १८९९-१९०० चा मोठा दुष्काळ आला. १८९१ सालीं भंडारा जिल्ह्याची लोकसंख्या सुमारें ७ लाख ४३ हजार होती. १९०१ सालीं ती ६ लाख ६३ हजारांवर आली. दहा वर्षांत जेथें वाढ व्हावयाची तेथें ऐंशीं हजार माणसें कमी झालीं. सरकारनें उघडलेल्या कामांवर खडी फोडावयास आणि माती वाहावयास पुरुषांबरोबर स्त्रियाहि गेल्या. त्या काळच्या दुष्काळांत स्त्रियांपेक्षां पुरुष अधिक दगावले, असें मृत्यूच्या आंकड्यांवरून दिसतें. १९०१ च्या शिरगणतींत मध्यप्रांतांत पुरुषांपेक्षां स्त्रियांची संख्या अधिक भरली.

पण १९१८ च्या इन्फ्लुएंझानें हें पारडें उलटें केलें. त्या वर्षीं पाऊसहि फसला होता, आणि साथीचा भर आला तो हलक्या धानाच्या कापणीच्या सुमारास. मध्यप्रांत हा अत्यंत तडाखा बसलेल्या प्रांतांपैकीं एक होता. या साथींत तरुण वयाच्या स्त्रिया पुरुषांपेक्षां अधिक मेल्या. याचीं कारणें त्या काळच्या आरोग्याधिकाऱ्यांनींहि शोधलीं आहेत. घरांत जो आजारी पडे त्याच्या उशाशीं ती बसे. आणि ती स्वतः तापानें फणफणली तरी चूल, पाणी आणि गुरें यांतून तिला सुटका नसे. दुष्काळांत जिच्या काटकपणानें घर तगलें, तिलाच साथींत त्या घराची सेवा भोंवली.

आतां वैधव्याविषयीं. ब्राह्मण आणि त्यांचें अनुकरण करणाऱ्या घरांतील विधवेची स्थिति मराठी वाङ्मयांत पुष्कळ वर्णिली गेली आहे. आपल्या शेतकरणीची गोष्ट निराळी होती. बहुतेक कष्टकरी जातींत विधवेला पाट लावण्याची मोकळीक असे. हा विधि गाजावाजा न करतां रात्रीं होई. पहिल्या लग्नाचा मान त्याला नसे, पण नवा संसार सुरू होई. फारकतीचीहि रूढि होती. या बाबतींत ती आपल्या वाड्यांतल्या बहिणींपेक्षां अधिक मोकळी होती, हें मान्य केलें पाहिजे.

मात्र या मोकळिकेला किंमत होती. पाट लावून जाणाऱ्या बाईस पहिल्या घरच्या जमिनीवर पाणी सोडावें लागे, आणि पुष्कळदां मुलेंहि त्या घरीं राहत. १८५६ चा पुनर्विवाहाचा कायदा झाला तो ज्यांच्यांत पुनर्विवाह निषिद्ध होता त्या विधवांसाठीं. परंतु त्याच्या दुसऱ्या कलमानें पुनर्विवाह करणाऱ्या विधवेचा मृत पतीच्या मिळकतीवरील हक्क संपविला. ज्या जातींत पाट पूर्वापार चालत आला होता त्यांनाहि हें कलम लागू आहे कीं नाहीं, याविषयीं न्यायालयांत मतभेद झाला. अलाहाबादच्या हायकोर्टानें लागू नाहीं असें धरलें; मुंबई, मद्रास आणि कलकत्ता यांनीं विरुद्ध मत दिलें. पुढें १९३७ सालीं हिंदु स्त्रियांच्या मालमत्तेच्या हक्कांचा कायदा झाला, तेव्हां विधवेस पतीच्या मिळकतींत वांटा मिळाला खरा. पण तो शेतजमिनीस लागू होत नाहीं, असें फेडरल कोर्टानें १९४१ सालीं ठरविलें, आणि प्रांतांना त्यासाठीं स्वतंत्र कायदे करणें प्राप्त झालें. ज्या बाईची सारी मिळकत म्हणजे चार बांध्या, तिला मूळ कायद्यानें काय दिलें, याचा विचार श्रोत्यांनींच करावा.

यानंतर काळ लवकर पालटला. तुमसरावरून आगगाडी १८८० नंतरच्या कांहीं वर्षांतच धांवूं लागली होती. धानाला दूरचें गिऱ्हाईक मिळालें. विसाव्या शतकांत तालुक्यांत चिखला, डोंगरी बुजुर्ग येथें मँगनीजच्या खाणी चालूं लागल्या, आणि जिल्ह्यांत घरोघर विडी वळण्याचें काम पसरलें. स्त्रीच्या हातीं रोख मजुरी येऊं लागली. तांदळाच्या गिरण्या आल्या आणि मुसळ कोपऱ्यांत उभें राहिलें. तिचे श्रम वांचले, पण दुसऱ्यांचें धान कांडून पोट भरणाऱ्या गरीब विधवेची रोजी त्याबरोबरच गेली. १९५१ सालीं मालगुजारी संपली. १९५६ च्या हिंदु वारसा कायद्यानें विधवेस पतीच्या मिळकतींत मुलांच्या बरोबरीचा वारस केलें. लेकीला वडिलार्जित मिळकतींत जन्मतः हक्क देणारा कायदा महाराष्ट्रानें १९९४ सालीं केला, आणि २००५ सालीं तो देशभर झाला.

जुन्या एकत्र कुटुंबाविषयीं बोलतांना आपण शहरांतील माणसें दोन टोकांस जातों. कोणी म्हणतो, तेव्हां घरोघर सुख नांदत होतें. कोणी म्हणतो, स्त्री केवळ दासी होती. बपेऱ्याच्या बाजूची ही शेतकरीण दोहोंपैकीं कोणत्याच चित्रांत नीट बसत नाहीं. घराला तिची गरज होती आणि ती घराला ठाऊकहि होती. देज, ढोली आणि पाट हीं तिची साक्ष आहेत. परंतु तिचा मान तिच्या हातांच्या बळावर उभा होता. हात थकले किंवा घरधनी गेला, म्हणजे तिच्या बाजूनें बोलणारा कागद तिच्याजवळ नव्हता. तो कागद आतां कायद्यानें तिच्या पणतीस मिळाला आहे. रोवणीच्या चिखलांत आजहि स्त्रियाच वांकलेल्या दिसतात. त्यांतल्या कितीजणींचें नांव सातबाराच्या उताऱ्यावर चढलें, हें प्रत्येक गांवच्या तलाठ्याच्या दप्तरांत पाहावयास मिळेल. आपल्या घराण्याची वंशावळ लिहून ठेवणाऱ्या श्रोत्यांनीं पुढल्या वेळीं तिच्यांत पणज्यांचींहि नांवें विचारून घालावीं. घरांतील एखाद्या वृद्ध बाईस तीं अजून आठवत असतील.