बोल्टवरचा नंबर

आजची गोष्ट एका फटीची आहे. फट केवढी, तर लग्नपत्रिकेच्या पुठ्ठ्याएवढी. पाव मिलिमीटर. पण तेवढ्यावरून माझ्या एका मित्राचा गाल भाजला होता, आणि त्याला कारण मी होतो. ते येईलच पुढे.

१९९१ चा डिसेंबर. रत्नागिरीबाहेर सड्यावर एनसीसीचा कॅम्प. चिऱ्यांची खाण संपून उरलेल्या खड्ड्यात फायरिंग रेंज, पंचवीस यार्डांवर टार्गेट, प्रत्येकाला पाच गोळ्या. रायफल पॉइंट टू टू, म्हणजे बावीसची. पण अंगापिंडाने ती आपली थ्री नॉट थ्रीच असते. एन्फील्डचाच साचा, नळी तेवढी बारीक काडतुसाची. माझा मित्र आमच्यातला सगळ्यात चांगला नेमबाज. पुण्याच्या कॅम्पला त्याचीच निवड होणार, हे ठरल्यासारखंच होतं.

पहिली गोळी वाजलीच नाही. नुसतं ‘टक्’. उस्तादांनी थांबवलं, वेळ जाऊ दिला, मग काडतूस काढलं. पिनेचा ठसा अगदी उथळ. दुसरी गोळी ठीक गेली. तिसऱ्या वेळी मात्र वेगळाच आवाज आला आणि हा ओरडलाच. काडतुसाची कड फुटून गरम वायू मागे आला होता. डोळा वाचला, गाल भाजला. उरलेल्या गोळ्या त्याने दुसऱ्या रायफलीने मारल्या, पण चाप ओढायच्या आधीच त्याचे डोळे मिटत होते. निवड दुसऱ्याची झाली.

संध्याकाळी आर्मोरर आले. उस्तादांच्या ओळखीचे, पेन्शनीला आलेले हवालदार. त्यांनी रायफल उचलली आणि आधी नळीत बघितलंच नाही. बोल्टच्या दांड्यावरचा नंबर वाचला, मग रायफलीच्या अंगावरचा वाचला. दोन्ही वेगळे. “काल साफसफाई कुणी केली रे?”

आम्ही तिघे गप्प. आदल्या रात्री दहाही रायफलींचे बोल्ट आम्ही एका ताडपत्रीवर काढून ठेवले होते. पुलथ्रू, चिंदी, तेल, सगळं व्यवस्थित केलं, आणि हाताला येईल तो बोल्ट येईल त्या रायफलीत सरकवला. ही आयडिया माझी. बसले की सगळे, मग फरक काय?

फरक काय ते कळायला थोडं मागे जावं लागेल. आपल्याकडे बागेतली वानरं हाकायला ज्या ठासणीच्या बंदुका असायच्या, त्यांत ही भानगडच नाही. नळी मागून बंद. दारू वरून ओतायची, गोळी ठासायची. १८५७ च्या काडतुसांची गोष्ट सगळ्यांना ठाऊक असते, ती बंदूकही तोंडाकडूनच भरायची होती. कागदी काडतूस दाताने फाडायचं, ते त्यासाठी. पुढे धातूचं काडतूस आलं, बंदूक मागून भरता येऊ लागली, आणि मागे एक दार आलं. दार म्हटलं की फट आलीच. बंद बोल्टचं तोंड आणि काडतूस जिथे टेकतं ती जागा, यांच्यातलं अंतर म्हणजे हेडस्पेस. अंतर कमी असेल तर बोल्ट बंद होत नाही. जास्त असेल तर काडतूस आत खुळखुळतं, पिनेचा फटका हलका बसतो, आणि उडालंच तर पितळ मागे ताणलं जाऊन फाटतं.

(एक कंस. सत्तावन्ननंतर हिंदी पलटणींना गोऱ्यांपेक्षा एक पिढी जुनी बंदूक द्यायची, असं इंग्रजांचं धोरणच होतं. रत्नागिरी जिल्हा तर मुंबई लष्कराच्या भरतीचा मोठा गड. म्हणजे आपल्या पणजोबांच्या हातात ही मागून भरायची बंदूकही उशिराच आली.)

थ्री नॉट थ्रीचा बोल्ट जेम्स पॅरिस ली या माणसाचा. जन्म स्कॉटलंडचा, वाढला कॅनडात. १८९५ मध्ये ली-एन्फील्ड ब्रिटिश सैन्यात आली. बोल्ट भराभर चालतो, कारण त्याला अडवणारे खुंट मागच्या बाजूला आहेत. त्या दोन खुंटांवर भार सारखा यावा म्हणून बोल्ट त्याच रायफलीत घासून, बसवून बघायचा, आणि मग दोघांवर एकच नंबर ठोकायचा. तो नंबर म्हणजे सरकारी हिशेब, असं मी समजत होतो. प्रत्यक्षात ते लग्न लागल्याचं प्रमाणपत्र होतं!

थ्री नॉट थ्रीला हे अंतर ०.०६४ ते ०.०७४ इंच चालतं. यंत्रावर लाखोंनी रायफली काढताना तेवढंही दर वेळी साधत नाही. म्हणून बोल्टचं डोकं वेगळं, स्क्रूने बसणारं. दुसऱ्या महायुद्धातल्या नंबर चार रायफलीला तर शून्य ते तीन असे आकडे मारलेली चार मापांची डोकी होती; फट वाढली की पुढच्या आकड्याचं लावायचं. कारखान्याने दिलेली कबुलीच म्हणा ना, की शेवटचा हात माणसाचाच लागणार. आपल्या इछापूरच्या कारखान्यात मात्र जुना मार्क तीनच स्वातंत्र्यानंतरही निघत राहिला. त्यावर असे आकडे नसतात. आर्मोररने पेटीतली डोकी एकेक लावून बघायची.

तर, आमचे आर्मोरर. त्यांनी आधी नंबर जुळवून दहाही बोल्ट आपापल्या घरी पाठवले. चेंबरमधला मेण आणि काजळी काढली. मग गेज. एका गेजवर बोल्ट जोर न लावता बंद व्हायला हवा, दुसऱ्यावर होता कामा नये. बावीसच्या काडतुसात बार कडेतच भरलेला, म्हणून सगळा खेळ त्या जेमतेम एक मिलिमीटर कडेवर. नऊ रायफली पास झाल्या. दहावी नाही. रिकामीच चाप ओढून ओढून पिनेने चेंबरचा काठ ठोकरला होता. कुणीतरी म्हणालं, पत्र्याची चकती सारू या का मागे? ते एवढे चिडले! “फट भरेल. काठ कोण भरणार, तुझा बाप?” रायफलीला चिठ्ठी बांधून ती वर्कशॉपसाठी बाजूला ठेवली. मला वाटतं, त्या दिवशीची सगळ्यात शहाणपणाची दुरुस्ती तीच. (कुणाच्या घरी परवान्याची जुनी रायफल असेल, तर घरी कानस लावू नका. परवानाधारक गनस्मिथकडेच न्या.)

फट अपघात करत नाही तेव्हाही खोडी काढतेच. पिनेचा फटका कमीजास्त बसला की गोळीचा वेग बदलतो, आणि टार्गेटवर छिद्रं वरखाली पसरतात. नेमबाज बिचारा आपला श्वास तपासत बसतो. अंजली भागवत एनसीसीतूनच या खेळात आल्या. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत २०१० मध्ये म्युनिकला विश्वविजेत्या झाल्या, २०२४ मध्ये पॅरिसला स्वप्नील कुसाळेने ब्राँझ आणलं, दोन्ही पन्नास मीटरवर, याच बावीसच्या काडतुसाने. त्यांच्या रायफली अर्थात वेगळ्याच जातीच्या. पण या पातळीवर काडतुसांच्या कडा मोजून वेगळ्या करणारे लोकही आहेत.

माझ्या मित्राची आता पावसजवळ आंब्याची बाग आहे. गालावर डाग राहिला नाही. त्याने पुन्हा रायफल धरली नाही. बोल्ट कुणी बदलले, हे त्याने कधी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. हा भाग काल रात्री आधी त्याला पाठवला. दोन निळ्या टिका आल्यात. अजून फोन आलेला नाही.