जुन्या मोटारसायकलीचे कागद : हैदराबाद संस्थानापासून ‘व्हीए’ क्रमांकापर्यंत

१/१२
परभणीहून पूर्णेकडे जाणाऱ्या लोहमार्गावर पिंगळी हे लहानसे स्थानक लागते. त्या गावातील एखाद्या जुन्या वाड्याच्या ढाळजेत १९६० च्या दशकातील जावा किंवा बुलेट उभी आहे, असे समजू. दोन-चार किका मारल्या की ती सुरूही होते. मात्र तिला रस्त्यावर आणण्याचा अधिकार कोणत्या कागदाने मिळतो? या साध्या प्रश्नाच्या उत्तरात मराठवाड्याचा पाऊणशे वर्षांचा प्रशासकीय इतिहास दडलेला आहे.

२/१२
१९४८ पर्यंत परभणी हा निजामाच्या हैदराबाद संस्थानातील जिल्हा होता. दरबारी कारभार उर्दूत चाले, दप्तरात फसली सन लिहिला जाई आणि व्यवहारात हाली सिक्का असे. फसली सनात साधारण ५९० मिळवले की इसवी सन मिळतो. त्या काळातील कोणताही सरकारी कागद आज हाती आला, तर त्याची भाषा, कालगणना आणि चलन या तिन्ही गोष्टी उलगडाव्या लागतात. जमिनीच्या कागदांबाबत मराठवाड्याला हा अनुभव चांगलाच परिचित आहे.

३/१२
ब्रिटिश हिंदुस्थानात १९१४ मध्ये पहिला अखिल भारतीय मोटार वाहन कायदा झाला आणि १९३९ मध्ये त्याची जागा अधिक विस्तृत कायद्याने घेतली. या दुसऱ्या कायद्याने पुढे दीर्घकाळ टिकलेला एक भेद पक्का केला. भाड्याने प्रवासी वा माल वाहणाऱ्या वाहनाला योग्यता प्रमाणपत्र सक्तीचे, खासगी वाहनाला ते नाही. त्यामुळे बस आणि मालमोटार नियमित तपासणीच्या फेऱ्यात अडकली. खासगी मोटारसायकल त्यातून सुटली.

४/१२
सप्टेंबर १९४८ च्या पोलीस कारवाईनंतर हैदराबाद भारतात विलीन झाले. १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्रात. म्हणजे १९५५ साली घेतलेली मोटारसायकल पिंगळीची वेस न ओलांडता तीन राज्यांत नांदली. पुढे परभणी जिल्ह्याचेही विभाजन झाले. १९८१ मध्ये काही भाग नव्या जालना जिल्ह्यात गेला आणि १९९९ मध्ये हिंगोली वेगळा झाला. जुनी नोंद शोधणाऱ्याला म्हणूनच आधी ठरवावे लागते, की ते वर्ष कोणत्या राज्याचे आणि ते गाव तेव्हा कोणत्या जिल्ह्याचे.

५/१२
याच काळात देशी बनावटीच्या मोटारसायकली आल्या. १९५५ मध्ये मद्रास येथे एनफिल्ड इंडियाने बुलेटची जुळणी सुरू केली. त्यामागे भारतीय लष्कराची मागणी होती. १९६१ पासून म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्यातून जावा बाहेर पडू लागली आणि १९७३ नंतर तिचेच रूप ‘येझ्दी’ या नावाने विकले गेले. राजदूतनेही ग्रामीण भागात स्थान मिळवले. आज ‘क्लासिक’ म्हणून गौरवली जाणारी ही वाहने मुळात रोजच्या कामाची होती. दुधाच्या किटल्या आणि खताची पोती त्यांवरून वाहिली गेली.

६/१२
खरा बदल मोटार वाहन कायदा, १९८८ ने घडवला. तो १ जुलै १९८९ पासून अमलात आला. त्याच्या कलम ४१ नुसार खासगी वाहनाची नोंदणी १५ वर्षे वैध राहते. त्यानंतर ती दर ५ वर्षांनी नूतनीकृत करावी लागते. याच सुमारास जुन्या तीन अक्षरी क्रमांकांची जागा ‘एमएच’ मालिकेने घेतली आणि परभणीला २२ हा आकडा मिळाला. व्यावसायिक वाहनाप्रमाणे वार्षिक नव्हे, तरी पंचवार्षिक तपासणी अखेर मोटारसायकलीच्याही वाट्याला आली.

७/१२
नूतनीकरणासाठी नमुना २५ मध्ये अर्ज करावा लागतो. सोबत नोंदणी पुस्तक, विमा, पीयूसी आणि कर भरल्याचा पुरावा जोडावा लागतो. मोटार वाहन निरीक्षक ब्रेक, दिवे, हॉर्न, टायर आणि सायलेन्सर पाहतो. सर्वांत निर्णायक असतो तो चेसिसवरील क्रमांक. त्यावर कागद ठेवून पेन्सिल घासली जाते आणि उमटलेले आकडे पुस्तकाशी ताडले जातात. ते जुळले, तरच ते यंत्र आणि तो कागद एकमेकांचे ठरतात.

८/१२
या प्रक्रियेचा खर्च वाढत गेला. महाराष्ट्राने २०१० मध्ये १५ वर्षांवरील वाहनांसाठी पर्यावरण कर आणला. १ एप्रिल २०२२ पासून मोटारसायकलीच्या नूतनीकरणाचे केंद्रीय शुल्क ३०० रुपयांवरून १,००० रुपये झाले आणि विलंबासाठी दरमहा ३०० रुपयांची तरतूद आली. ५ वर्षे दुर्लक्ष झाले, तर केवळ विलंबाचे १८,००० रुपये होतात. कित्येक जुन्या दुचाकींच्या बाजारमूल्याहून ही रक्कम अधिक आहे.

९/१२
१५ जुलै २०२१ रोजी केंद्र सरकारने ‘व्हिंटेज’ वाहनांसाठी स्वतंत्र नियम अधिसूचित केले. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षे पूर्ण झालेली दुचाकी किंवा चारचाकी त्यांत बसते. राज्याची समिती वाहन तपासते. नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये, वैधता १० वर्षे आणि पुनर्नोंदणी ५,००० रुपये. क्रमांकात राज्याच्या संकेतानंतर ‘व्हीए’ ही अक्षरे येतात. आधीच नोंदलेल्या वाहनाला मूळ क्रमांक राखता येतो.

१०/१२
परंतु अटी लक्षपूर्वक वाचाव्यात. वाहन मूळ रूपात हवे. चेसिस, बॉडी वा इंजिनात फेरफार झालेला नसावा. ते रोजच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, तांत्रिक संशोधन, रॅली, इंधन भरणे आणि देखभाल एवढ्यापुरतीच मुभा आहे. खेड्यातील मोटारसायकल मात्र टिकली ती राबली म्हणूनच. गावच्या मिस्त्रीने तिला पुनःपुन्हा उभे केले, प्रसंगी दुसरे इंजिन बसवले. ज्या दुरुस्तीने ती जगली, त्याच दुरुस्तीमुळे ती ‘वारसा’ या व्याख्येबाहेर जाऊ शकते. शहरातील संग्राहकाच्या झाकलेल्या वाहनाला हा नियम अधिक अनुकूल ठरतो.

११/१२
इतर देशांनी वेगळी वाट धरली. ब्रिटनने १९६० मध्ये जुन्या वाहनांची सक्तीची तपासणी सुरू केली. पण मे २०१८ पासून ४० वर्षांहून जुन्या, मोठे बदल न झालेल्या वाहनांना तिच्यातून सूट दिली. वाहन सुस्थितीत राखण्याची जबाबदारी मालकावरच राहिली. जर्मनीत १९९७ पासून ३० वर्षांवरील वाहनाला ‘एच’ पाटी मिळते आणि ते नेहमीच्या रस्त्यावर चालवता येते. मूळ रूपाची अट तेथेही आहे. रस्ता मात्र बंद केलेला नाही.

१२/१२
५० वर्षांचा हिशोब पहिल्या नोंदणीच्या तारखेपासून होतो. ती तारीख सिद्ध करणारे पुस्तक हरवले, तर पोलिसांत खबर देऊन नमुना २६ द्वारे दुसरी प्रत मागता येते. पण त्यासाठी कार्यालयाच्या दप्तरात मूळ नोंद सापडावी लागते. म्हणून ढाळजेतील त्या मोटारसायकलीबरोबरच माळवदाखालच्या ट्रंकेतील पिवळे पडलेले पुस्तक, कराच्या पावत्या आणि विम्याचे जुने कागदही जपले पाहिजेत. सुटा भाग मिस्त्री पुन्हा घडवू शकतो. १९६५ सालचा शिक्का कोणालाही पुन्हा उठवता येत नाही.